विलंबपंजिकेतील तीस नोंदी

११ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग घालण्याच्या कामी गुडघे आता सहकार्य करीत नाहीत. तेव्हा हा नमस्कार उभ्याउभ्याच, परंतु मनःपूर्वक, स्वीकारावा.

गेल्या बेचाळीस वर्षांत मी तुला धाडलेले हे पहिलेच पत्र. इतक्या प्रदीर्घ मौनानंतर मनुष्य लेखणी उचलतो तेव्हा एक तर कोणी गेलेले असते, नाही तर काही हवे असते. कोणी गेलेले नाही.

आपले विद्यालय बंद करण्याचे शासनाने योजिले आहे. ‘आपले’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला असून तो वाचून तुझ्या कपाळावर उमटलेली आठी मला येथून स्वच्छ दिसते आहे. पटावर एकशे शहाऐंशी मुले उरली, आणि दोनशेच्या आतली शाळा नजीकच्या शाळेत विलीन करावी, असा नियम निघाला. नजीकची शाळा म्हणजे दगडखाणीच्या पलीकडे, आपल्या जुन्या वस्तीला लागून सात वर्षांपूर्वी उभी राहिलेली गुलाबी इमारत. शिक्षणखात्याच्या साहेबांच्या नकाशावर ती वीस मिनिटांच्या अंतरावर आहे.

वाटेत खाण आहे. तेथे रोज सकाळी नऊला सुरुंगांसाठी रस्त्यावर दोर बांधतात आणि साडेदहाचा भोंगा वाजेपर्यंत चिटपाखरूही पलीकडे जात नाही, हे मी तुला सांगावे असे नाही. परंतु खाणवाल्यांनी शिक्क्यानिशी लिहून दिले आहे की सुरुंग दुपारी तीननंतरच लागतात. शासनाचा विश्वास कागदावर असतो, कानावर नसतो. आमच्या मुलांना आठ वाजता घर सोडून, खाण ओलांडून, तासभर बंद फाटकाबाहेर उडत्या खडीच्या टप्प्यात बसावे लागेल. मुलगे बसतील, कारण मुलग्यांना बसण्यासाठी कारण लागत नाही. मुलींना मात्र आईबाप घरीच ठेवतील. मुख्याध्यापिकाबाईंनी घरोघर फिरून विचारले. ब्याऐंशी मुलींपैकी एकसष्ट.

आता माझ्या मागणीकडे वळतो. आमच्यापाशी कागद आहे. एकसष्ट वर्षांपूर्वी धान्याच्या रिकाम्या गोदामात एकवीस मुले, एक फळा आणि तीन पायांचे एक टेबल एवढ्या सामग्रीवर ज्यांनी हे विद्यालय स्थापिले, त्या आद्य हेडमास्तरांनी छडीऐवजी एक ग्रंथ आणला होता : विलंबपंजिका. मुले तिला उशीरवही म्हणतात. पाचवीतला एक विद्यार्थी द्वारपाल म्हणून फाटकाशी वही घेऊन उभा राहतो. तारीख, वेळ आणि नाव तो लिहितो, आणि उशिरा आलेल्याने कारण स्वहस्ते लिहायचे. तीस नोंदी झाल्या की नाव पटावरून कमी. ती प्रथा आजतागायत अखंड चालू असून तिचे अठ्ठावन्न खंड माझ्या कपाटात आहेत. मानवी प्रतिभेचा असा ठेवा अन्यत्र नसेल. ‘बुटात विंचू होता. बूट बदलला. विंचूही बदलला.’ ‘कोंबडी हरवली. सापडली. पुन्हा हरवली.’ ‘मी वेळेवर होतो, शाळा लवकर भरली.’

या खंडांत आपल्या वस्तीवरून आलेल्या मुलांची नोंद शोधता एका वर्षी एकाच वळणाच्या अक्षरात एकच शब्द तीस वेळा सापडला. सुरुंग.

सहा फेब्रुवारीला, सकाळी साडेआठ वाजता, साहेब शाळेच्या सभागृहात सुनावणी घेणार आहेत. तू येऊन ती अक्षरे तुझी आहेत एवढे सांगावेस. नियमानुसार तुला तेव्हा शाळा सोडावी लागली, ही घटना सर्वांनाच क्लेशदायक झाली होती, याची मला जाणीव आहे.

तुझा धाकटा

२३ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,

तुझे पोस्टकार्ड पोहोचले. एकच वाक्य : ‘कारणाच्या आधी तारीख, वेळ आणि नाव कोणाच्या अक्षरात आहे, तेही साहेबांना सांगणार आहात का?’

बारा दिवसांपूर्वी मी लिहिले की घटना ‘सर्वांना क्लेशदायक’ झाली. हे वाक्य मी मागे घेतो. मला ती क्लेशदायक झाली नव्हती. मी अकरा वर्षांचा होतो, माझ्या छातीवर पितळेचा बिल्ला होता, आणि विश्वात न्याय नावाची जी वस्तू आहे ती पाचवी ‘अ’मधून चालते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

आई खाणीत पहाटेच्या पाळीला जाई आणि सव्वानऊला परते. ती आली की तान्हीला तिच्या ओटीत टाकून तू धावत सुटायचीस, तोवर दोर बांधलेला असे. मी मात्र साडेआठलाच, तूच विंचरलेले केस आणि तूच बांधलेला डबा घेऊन, खाण ओलांडून फाटकाशी उभा. वस्तीवरून या शाळेत येणारे आपण दोघेच. तू पावणेअकराला धापा टाकत यायचीस, आणि मी कोणी परकी व्यक्ती असल्यासारखा विचारायचो, ‘नाव?’

तू नाव सांगायचीस. एकदाही हसली नाहीस, चिडली नाहीस. एकदा फक्त म्हणालीस, ‘डबा खाल्लास का रे?’ आणि मी उत्तर दिले, ‘कामाच्या वेळी बोलायचं नाही.’

तिसाव्या नोंदीनंतर हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावले, हे तुला ठाऊक आहे. आत काय झाले ते तू तर्काने जाणले असशील. आता पुराव्याने जाण. त्यांच्यापुढे वही उघडी होती. ते म्हणाले, ‘विंचू समजतो, कोंबडी समजते. पण रोज तेच? ही पोरगी आपली थट्टा करते आहे. तू तिचा भाऊ. एकाच घरातून येतोस. सांग, रोज सुरुंग असतो?’

मी म्हणालो, ‘मला तर कधीच लागला नाही, सर.’

हे अक्षरशः सत्य होते. दोर बांधण्यापूर्वी मी पार झालेला असे. ‘मी लवकर येतो, ती तान्हीला सांभाळते’ एवढे पुढचे वाक्य मला येत होते. परंतु ते उच्चारले असते तर बिल्ला घरच्या माणसाची बाजू घेणारा ठरला असता. मी न्यायनिष्ठुर राहिलो. हेडमास्तरांनी पाठ थोपटली, लाल शाई घेतली आणि आठवीच्या पटावर रेघ ओढली. पुढच्या महिन्यात तू शिवणयंत्रावर बसलीस.

सुनावणीसाठी मी अकरा पानांचे निवेदन सिद्ध केले आहे. त्यात या प्रकरणाचा उल्लेख नाही. तो असावा, असे तुझे म्हणणे असेल तर तसे कळव. न येण्याचा निर्णय घेतलास तर तो मी न्याय्य समजेन. या बाबतीत माझ्या न्यायबुद्धीची परीक्षा झालेलीच आहे.

तुझा धाकटा

८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस,

तू आलीस. माझ्या शेजारून गेलीस, माझ्याकडे पाहिलेही नाहीस, आणि दहाच्या गाडीने निघून गेलीस. त्यामुळे तू काय घडवलेस, त्याचा उत्तरार्ध तुला ठाऊक नाही. तो कळवणे माझे कर्तव्य आहे. पूर्वार्धही लिहितो, कारण तो मला पुनःपुन्हा लिहावासा वाटतो.

माझे निवेदन तू ऐकलेस. चौथ्या पानावर साहेब म्हणाले, ‘गुरुजी, मुद्द्यावर या.’ मी नम्रपणे सांगितले की मुद्दा सातव्या पानावर आहे. मागच्या बाकांवरून नववीने जो हशा केला त्यात मुख्याध्यापिकाबाईही सामील होत्या. त्या एके काळी माझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी तेव्हाही माझे सातवे पान कधी पाहिले नव्हते.

मग साहेबांनी वह्या चाळल्या आणि विंचू मोठ्याने वाचून दाखवला. ‘हा तुमचा पुरावा? पोरांच्या थापा?’

तेव्हा तू उठलीस.

‘तुम्ही कोण?’

‘त्या वहीतली. तीस वेळा सुरुंग लिहिलं, ती.’

‘तीस वेळा एकच कारण? दुसरं काही सुचलं नाही, बाई?’

‘कारण एकच होतं, साहेब. थाप असती तर रोज नवी मारली असती.’

साहेबांनी नकाशा पुढे केला. ‘यात तर वीस मिनिटं दिसतात.’

‘नकाशाला दोर बांधत नाहीत,’ तू म्हणालीस. ‘तुम्हाला वाटतंय तेच तेव्हा हेडमास्तरांना वाटलं. त्यांनी खात्री करायला माझ्या भावाला विचारलं होतं.’

‘मग भाऊ काय म्हणाला?’

तू माझ्याकडे बोट दाखवू शकली असतीस. तू खाली बसलीस. ताई, त्या बसण्याने माझ्या पायांत जे बळ आले ते अकरा पानांत नव्हते. मी उभा राहिलो, म्हणालो की तो भाऊ मी, आणि तेव्हा उच्चारलेले वाक्य व न उच्चारलेले वाक्य, दोन्ही सांगितली. सभागृहभर मुलांनी ती ऐकली.

साहेब म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही खोटं बोललात.’

‘नाही, साहेब. खरंच बोललो. म्हणून तर कोणाला शंका आली नाही.’

पण शासन एका कबुलीने हलत नाही. ‘बेचाळीस वर्षं झाली त्याला,’ ते म्हणाले. ‘आता सुरुंग दुपारी लागतात. हा कागद आहे माझ्याकडे.’ मी आठवे पान काढण्याच्या बेतात होतो. तू भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलेस. नऊला दहा कमी होती.

‘साहेब, गाडी आणलीय ना? चला, जाऊन येऊ त्या शाळेत. वीस मिनिटांत पोचलो तर माझा शब्द मी मागे घेते.’

मी या शाळेत एकतीस वर्षे भाषा शिकवतो. वादविवादात सलग नऊ वर्षे ढाल आणली आहे. साहेबांना गाडीत बसवावे, हे मला सुचले नाही.

दोरापाशी काय झाले ते तू पाहिलेस, परंतु तू पुढे बसली होतीस. साहेब मागे माझ्या शेजारी होते, त्यांचा चेहरा मला अधिक चांगला दिसत होता. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. लाल निशाण घेतलेला माणूस सावकाश आला.

‘साहेब आहेत गाडीत,’ ड्रायव्हर म्हणाला.

‘असू देत की. साहेबांचे साहेब आले तरी साडेदहाच्या आत दोर उतरत नाही.’

‘दुसरा रस्ता?’

‘आहे ना. डोंगरावरून. पण दगड उडून पडतात ते तिकडंच.’

साहेबांनी शिक्क्याचा कागद बाहेर काढून त्याला दाखवला. त्याने तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, ‘हे मला कोणी सांगितलं नाही.’ त्यानंतरचा अर्धा तास आपण तिघे आणि ड्रायव्हर काचा लावून बसलो. पहिल्या सुरुंगाला साहेबांची फाइल मांडीवरून खाली पडली. दुसऱ्याला त्यांनी विचारले, ‘रोज?’ तू म्हणालीस, ‘रविवारी नाही. रविवारी शाळाही नसते.’ आणि दार उघडलेस. ‘मी निघते, साहेब. माझी गाडी दहाची आहे. मला उशीर झालेला चालत नाही.’

उतारावरून चालत गेलीस तेव्हा साहेब तू वळणाआड जाईपर्यंत पाहत होते. मग मला म्हणाले, ‘तुमच्या भगिनी काय करतात?’ मी सांगितले की शिवणकामाचा कारखाना चालवतात, हाताखाली चौदा बायका आहेत. ते म्हणाले, ‘आमच्या खात्यात हव्या होत्या.’ मी म्हणालो, ‘आठवी पास नाहीत.’ त्यांनी खाली पडलेली फाइल उचलली, तेवढ्यात तिसरा सुरुंग झाला.

आता उत्तरार्ध. साडेदहाला दोर उतरला. ड्रायव्हरने विचारले, ‘पुढे जायचं?’ साहेब म्हणाले, ‘मागे फिरव.’ पावणेअकराला गाडी आमच्या फाटकाशी आली. फाटक बंद. आत यंदाची द्वारपालिका उभी : पाचवीतली, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. सुनावणीच्या वेळी ती फाटकावरच होती, त्यामुळे साहेब कोण हे तिला माहीत नव्हते; माहीत असते तरी फरक पडला असता असे मला वाटत नाही. तिने गजांमधून वही पुढे केली.

‘उशीर झालाय. नाव सांगा. कारण तुम्ही लिहायचं.’

मुख्याध्यापिकाबाई जिन्यावरून धावत आल्या, शिपाईमामा त्यांच्याही पुढे. साहेबांनी हात वर करून दोघांना थांबवले. नाव सांगितले. मग हुद्दाही सांगितला.

‘हुद्द्याला रकाना नाही,’ ती म्हणाली.

त्यांनी पेन घेतले. वरच्या मजल्याच्या साऱ्या खिडक्यांत डोकी होती. त्यांनी एक शब्द लिहिला आणि वही परत दिली. तिने तो मोठ्याने वाचला, जसा नियम आहे.

‘सुरुंग.’

ताई, त्यानंतर जे झाले त्याला कोलाहल म्हणणे अपुरे आहे. नववीने बाके वाजवली. सहावीने का कोण जाणे राष्ट्रगीताच्या चालीवर पाढे म्हटले. शिपाईमामांनी वेळ नसताना घंटा दिली आणि कोणीही घरी गेले नाही. त्या गदारोळात द्वारपालिका साहेबांना म्हणाली, ‘पुढच्या वेळी अक्षर जरा नीट काढा.’

निकाल अजून यायचा आहे. परंतु तू जिंकलेली आहेस, हे कळवण्यासाठी मी निकालाची वाट पाहणार नव्हतो.

तुझा धाकटा

२ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,

शाळा राहिली.

आज्ञापत्र परवा आले. विलीनीकरण रद्द. खाणवाल्यांना सुरुंग खरोखरच तीननंतर लावण्याचा हुकूम झाला असून पहिले दोन दिवस तो पाळलाही गेला आहे. पलीकडच्या शाळेच्या बाईंनी आमच्या बाईंना फोन करून आभार मानले. सात वर्षे त्या पहिला तास दोन मुलांना आणि एका शेळीला शिकवत होत्या.

पत्र परिपाठाला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. प्रसंगाला साजेसे भाषण मी लिहिले होते. व्यासपीठावर गेलो, कागद उघडला, आणि समोर एकशे शहाऐंशी चेहरे. माझ्या तोंडून एवढेच निघाले, ‘पोरांनो, शाळा राहिली.’ पुढचे बोललो असतो तरी ऐकू गेले नसते. पहिल्या रांगेतली मुले चपला वर फेकत होती. ब्याऐंशी मुली पटांगणभर धावत सुटल्या, एकही रांगेत राहिली नाही, आणि खेळाच्या बाईंनी शिट्टी वाजवायचे सोडून स्वतःच धावायला घेतले. कोणी तरी मला उचलण्याचा प्रयत्न केला. चार दहावीवाल्यांनी तो विवेकाने अर्ध्यावर सोडला.

दुपारी शिक्षकसभा झाली. बाईंनी पहिलाच ठराव मांडला : तीस नोंदींचा नियम आजपासून रद्द. वही राहील, कारण तिच्यामुळे शाळा राहिली. पण यापुढे एखाद्याने तेच कारण तीन वेळा लिहिले, तर एका शिक्षकाने त्याच्या घरी जाऊन ते पाहून यायचे. ठराव एकमताने संमत झाला. पहिला जाणारा शिक्षक म्हणून मी हात वर केला.

नंतर बाईंनी आठवीचा तो जुना पट मागवला. रेघ रद्द करणारा शेरा त्यांनी स्वतः लिहिला, शिक्का मारला, आणि मला विचारले, ‘सर, तुम्हाला काही लिहायचंय?’ मी नाही म्हणालो. तुझ्याविषयी शाळेच्या दप्तरात माझे पुष्कळ लिहून झाले आहे.

येथपर्यंत मी संस्कृताच्या आधाराने आलो. पुढचे त्या भाषेला पेलणार नाही.

ताई, माझं चुकलं. तू धावत यायचीस आणि मी तुला नाव विचारायचो.

तुझा धाकटा

१९ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,

तुझे पत्र आले. दोन पाने! मुख्याध्यापिकाबाईंना वाचून दाखवले, शिपाईमामांना दाखवले, आणि ज्यांनी मागितले नाही अशा तिघांना वाचायला लावले.

‘साक्षीच्या दिवशी पोरांचे गणवेश पाहिले,’ तू लिहितेस. ‘शिवले कोणी, खाणवाल्यांनी? एकाचीही बाही सरळ नाही. सगळ्यांची मापं पाठव, नव्या वर्षाच्या आत आमच्याकडून शिवून येतील. पैशाचं विचारलंस तर कापड परत नेईन. मुलींच्या कपड्याला खिसे लावणार आहे, बाईंना आत्ताच सांगून ठेव. आणि स्वतःचंही माप पाठव, गाढवा. त्या दिवशी तुझ्या कोटाचं मधलं बटण रडत होतं. मी सगळा वेळ तेच बघत होते.’

म्हणजे तू माझ्याकडे पाहिले होतेस.

मापे सोबत जोडली आहेत. आकडा एकशे शहाऐंशी नसून दोनशे चौदा आहे, याने दचकू नकोस. शाळा बंद होणार या धास्तीने आधीच पटावरून काढून घरी बसवलेल्या अठ्ठावीस जणांना आईबापांनी आणून सोडले. मापे नववीच्या मुलींनी घेतली आणि गणिताच्या बाईंनी तपासली. पाचवीच्या दोन वेण्यावालीने कळवले आहे की तिला दोन्ही बाजूंना खिसे हवेत आणि एका खिशात वही मावली पाहिजे.

शेवटी माझे माप. छाती चाळीस. बाही तेवीस. कंबर साडेत्रेचाळीस. हे माप घेताना आठवीतला मुलगा म्हणाला, ‘सर, श्वास धरा, एक्केचाळीस लिहितो.’ मी त्याला थांबवले. ताई, हे माप मी पोट आत न घेता दिले आहे.

तुझा धाकटा